दंतद्रव्यांतील धातूंचे नॅनोकण

दात भरायचे सिमेंट, रेझिन (दाताच्या रंगाचे, प्लास्टिकसारखे भरण), कवळीचे अ‍ॅक्रिलिक, तारा चिकटवायचे द्रव्य अशा पदार्थांत जिवाणूंना अटकाव करण्यासाठी मिसळलेले धातूंचे किंवा त्यांच्या ऑक्साइडांचे १ ते १०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आकाराचे कण. सर्वाधिक अभ्यास चांदीचा झाला आहे. त्याखालोखाल झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि तांब्याचा.

विदर्भातल्या खेड्यांत दाढ ठणकली की 'किडा लागला' म्हणतात, आणि भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन तो पाडण्याचा उपायही जुनाच. दाढेत अळी नसते. असतात स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्ससारखे जिवाणू. ते साखरेचे आम्ल करतात आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी तितके आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कवचातले खनिज विरघळू लागते. दात भरला म्हणून हे थांबत नाही. रेझिन घट्ट होताना किंचित आकसते, दात आणि भरण यांच्यामध्ये केसाहून बारीक फट राहते आणि कीड तिथूनच पुन्हा शिरते. नॅनोकणांचा खरा उपयोग व्हायचा तो या फटीत.

कण बारीक का, हे हिशेबाने समजते. एक सेंटिमीटर बाजूच्या चांदीच्या ठोकळ्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटरचे ठोकळे केले तर ते ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे भरते. जितके पृष्ठफळ जास्त, तितके चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सुटायला जागा जास्त. हे आयन जिवाणूच्या पटलाला आणि प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना चिकटतात, श्वसनाची विकरे (एन्झाइम) बंद पाडतात. शिवाय पेशीत तयार होणारी क्रियाशील ऑक्सिजन संयुगे डीएनएलाही इजा करतात. टायटॅनियम डायऑक्साइडचे काम मुख्यतः अतिनील प्रकाशावर चालते, आणि तोंडात मागच्या दाढेपाशी कसला आलाय प्रकाश!

काचेच्या बशीत जिवाणू मेले म्हणजे तोंडातही मरतील असे नाही. लाळेतली प्रथिने पृष्ठभागावर थर धरतात, दातावरचा चिकट थर आयनांना आत शिरू देत नाही आणि आयन सुटण्याचा वेग दिवसागणिक मंदावतो. कण वाढवले तर रेझिन पिवळट-करडे पडते, गुठळ्या होऊन कमकुवत बनते आणि हिरड्यांच्या पेशींनाही बाधा पोचू शकते. म्हणून चांदी सहसा वजनाच्या एक टक्क्याच्या आतच ठेवतात. जुन्या पद्धतीत 'दातात चांदी भरली' म्हणतात ते पारा मिसळलेले अमाल्गम. त्याचा नॅनोकणांशी संबंध नाही.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने ग्लास आयोनोमर सिमेंट सर्वांत महत्त्वाचे. १९७२ मध्ये विल्सन आणि केंट या संशोधकांनी मांडलेले हे सिमेंट आपोआप घट्ट होते, दाताला रासायनिक रीतीने चिकटते आणि फ्लोराइडही सोडते. कीड हातानेच खरवडून ते भरता येते; ड्रिल नको, वीज नको. शाळेतल्या तपासणी शिबिरात एकदा आलेला रुग्ण पेरणी-काढणीच्या दिवसांत पुन्हा दिसेलच असे नाही, तेव्हा नॅनोकण मिसळलेले, स्वतःच जिवाणूंना थोपवणारे सिमेंट इथे शहरापेक्षा जास्त मोलाचे ठरेल. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाऊन ज्याचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, त्याच्या मागच्या दाढेपर्यंत रेझिन घट्ट करणारा निळा दिवा नीट पोचवणेच अवघड. तिथेही हेच सिमेंट सोयीचे.

कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये चांदीचे कण घालतात ते मुख्यतः कॅन्डिडा या बुरशीसाठी. रात्रभर कवळी तोंडातच ठेवणाऱ्यांचा टाळू लालभडक होतो, त्यात बहुधा या बुरशीचा हात असतो.

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. हा जिवाणूंचा रोग नसल्याने त्यावर नॅनोकणांचा उपयोग नाही. तिथे पाण्याचा स्रोतच बदलावा लागतो.