कडा कोकणाकडे, दरवाजा घाटावर

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या ज्या जागा बघायला लोक जातात, त्यातल्या कितीतरी कोकणाच्या थेट डोक्यावर आहेत. खेड, चिपळूण, संगमेश्वरच्या गावांतून मान वर केली की दिसतात ते कडे त्याच जंगलाचे. तरीही वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं तर बहुतेक जण साताऱ्याहून बामणोली गाठतात आणि तिथून लाँचने जातात, चांदोलीच्या जंगलात शिरायचं तर शिराळ्याच्या बाजूने जातात. कोकणातला माणूस स्वतःच्या उशाशी असलेला डोंगर बघायला घाट चढून, वळसा घालून पलीकडे उतरतो. हे असं का झालं, हे कळल्याशिवाय या जागा नीट कळत नाहीत.

पहिलं कारण डोंगराच्या घडणीतच आहे. लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला हा काळा पाषाण पश्चिमेला एकदम तुटतो आणि पूर्वेला सावकाश उतरत जातो. त्यामुळे कोकणातून वर जायला गाडीरस्ते थोडे, पायवाटा पुष्कळ. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे, धान्य आणि गूळ खाली यायचा. ज्याच्या हातात वाट त्याच्या हातात जकात, म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या घाटवाटेच्या माथ्यावर गड उभा राहिला. आज आपण ‘पॉइंट’ म्हणून जिथे फोटो काढतो, तिथे एके काळी पहारा असे.

संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरच्या माथ्यावरचा प्रचितगड घ्या. शृंगारपूर सुर्व्यांकडे होतं. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतलं. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांच्या कन्या, आणि संभाजी महाराजांचाही काही काळ या गावात गेला. 1 फेब्रुवारी 1689 रोजी ते पकडले गेले ते इथून जवळच, संगमेश्वरला. इतका मोठा इतिहास ज्या गावाच्या वाट्याला आला, तिथून गडावर जाणारी वाट आजही घाम काढणारी आहे. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी, वर भैरी-भवानीचं देऊळ, तोफा आणि कातळात कोरलेली पाण्याची टाकी. माथ्यावर उभं राहिलं की पुढ्यात सगळं संगमेश्वर खोरं आणि पाठीशी चांदोलीचं घनदाट रान. मला या प्रकल्पातली ही सर्वांत बोलकी जागा वाटते.

वासोट्याची गोष्ट वेगळी. हा गड लढण्यापेक्षा माणसं डांबून ठेवायला जास्त वापरला गेला, कारण एवढ्या जंगलातून पळून जाणार कुठे? महाराजांनी त्याला व्याघ्रगड नाव दिलं. राजापूरच्या वखारीतले इंग्रज कैदी 1661 मध्ये इथे आणून ठेवले होते. पेशवाईच्या अखेरीस औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या ताई तेलिणीने याच गडाच्या आधाराने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी झुंज दिली. 1818 मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि गड पडला.

त्यानंतर घाटवाटांचं महत्त्व उतरत गेलं. कुंभार्ली आणि आंबा घाटात गाडीरस्ते झाले, बाकीच्या वाटा गुराख्यांच्या आणि देवदर्शनाच्या उरल्या. मग कोयना धरण आलं. शिवसागर जलाशयाने खोऱ्यातली गावं पोटात घेतली, माणसं उठून दूर गेली आणि वासोट्याच्या पायथ्याशी पाणी आलं. लाँचची वाट तेव्हापासूनची. या धरणाचं बरंचसं पाणी बोगद्यांतून डोंगराखालून पश्चिमेला वळवलं आहे. पोफळीला वीज तयार करून ते शेवटी वाशिष्ठीत येतं. म्हणजे पाणी कोकणात उतरलं आणि प्रवासी देशावर गेले.

जंगलाला संरक्षण मिळालं ते त्यानंतर. 1985 मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं झाली. 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र सुमारे 317 चौरस किलोमीटर. 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. चांदोलीतली गावं बाहेर वसवली गेली. झोळंबीचा सडा, म्हणजे तिथलं कातळाचं पठार, बघायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की झोळंबी हे नांदतं गाव होतं. रान राखायलाच हवं होतं, पण त्याची किंमत या लोकांनी मोजली.

कोकणाकडून मात्र देवाची वाट कधी बंद पडली नाही. खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून महाशिवरात्रीला माणसं नागेश्वरच्या गुहेत चढतात. तिथे छतातून पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत असतं, आणि बाहेर आलं की वासोट्याचा कडा समोर. देवरुखजवळच्या मारळला, चांदोलीच्या पायथ्याशी, मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं आणि सगळा मुलूख वऱ्हाडी होतो. शेजारी धारेश्वराचा धबधबा. इथे यायला कुणाला ‘पर्यटन’ म्हणावं लागलं नाही.

व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग रत्नागिरी जिल्ह्यातही येतो, त्यामुळे या बाजूने चढायचं तर आधी वन विभागाकडे चौकशी करून परवानगी घ्यावी आणि पायथ्याच्या वाडीतला वाटाड्या सोबत घ्यावा. प्रचितगडाच्या वाटेला तर तो हवाच. पावसाळ्यात कड्याच्या वाटांना जाऊ नये, कातळ निसरडा असतो आणि ढग उतरले की पुढचं पाऊलही दिसत नाही.