मिन्शुकु म्हणजे स्वस्तातलं ऱ्योकान नव्हे

जपानला टूर कंपनीशिवाय, आपलं आपण प्लॅन करून जाणारे खूप झालेत आता, छान वाटतं. पण ८-१० दिवसांचा प्लॅन दाखवायला आणतात तेव्हा त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, "एक रात्र ऱ्योकानला राहायचं होतं पण फार महाग पडतंय, म्हणून मिन्शुकु बघतोय, सेमच असतं ना?" नाही, सेम नसतं. ऱ्योकान म्हणजे जपानी पद्धतीचं पारंपरिक हॉटेल, मिन्शुकु म्हणजे घरगुती मुक्काम. आणि सेम समजून गेलात की तुमचीही चिडचिड आणि ज्यांच्याकडे उतरलात त्यांचीही पंचाईत.

ऱ्योकान तुम्हाला माहितीये. तातामी म्हणजे गवती चटया, सरकती कागदी दारं, युकाता म्हणजे सुती झगा, ओन्सेन म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याची अंघोळ, इवल्या इवल्या वाट्यांमधून येणारं दहा-बारा पदार्थांचं जेवण. फोटो बघून बघून पाठ झालंय सगळ्यांना, पुढे जाऊ.

वरवरचे फरक पटकन सांगते. मिन्शुकुत खोल्या चार-सहाच, संडास-बाथरूम बहुतेक ठिकाणी कॉमन, पैसे रोख न्यावेत कारण कार्ड चालेलच असं नाही. दोन जेवणांसकट माणशी साधारण १० हजार येन, थोडं मागेपुढे. ऱ्योकान १५ हजारांपासून सुरू होऊन कुठेही जातं. दोन्हीकडे भाव माणशी असतो, खोलीचा नाही, एवढं बजेट करताना लक्षात ठेवा. फरक इतकाच असता तर मिन्शुकुला स्वस्तातलं ऱ्योकान म्हणायला माझी काही हरकत नव्हती.

खरा फरक असा की ऱ्योकान हा धंदा आहे आणि मिन्शुकु हे कुणाचंतरी घर आहे. ऱ्योकानमध्ये तुम्ही जेवत असता तेव्हा कुणीतरी येऊन फुतोन म्हणजे जमिनीवरची गादी घालून जातं, टॉवेल-युकाता घडी करून ठेवलेला असतो, स्वयंपाकाला आचारी असतो. मिन्शुकुत फुतोन कपाटात असतो, बहुतेक ठिकाणी आपणच काढायचा, सकाळी आपणच घडी घालायची. टॉवेल मिळेलच असं नाही. आणि स्वयंपाक त्या घरातली बाई करते, बऱ्याचदा साठी-सत्तरीची, मदतीला नवरा, फार तर सून.

आपल्याला हे समजायला खरं म्हणजे अजिबात अवघड नाही. मालवण-गुहागरकडे घरगुती राहायची सोय असते तिथे उतरलाय ना कधी? काकू सकाळीच विचारतात, "दुपारी किती पानं, आत्ताच सांगा, मासे आणायला जायचंय." तसंच आहे हे, तंतोतंत. पाच पानं सांगितली की पाचांचाच बाजार होतो. जपानी बुकिंगमध्ये 'इप्पाकु निशोकु' लिहिलेलं असतं, म्हणजे एक मुक्काम दोन जेवणं, संध्याकाळचं आणि सकाळचं, आणि ते नुसतं पॅकेज नसतं, तुमच्या नावाची पानं मांडली गेली असा त्याचा अर्थ असतो. जेवण बहुधा सहा-साडेसहाला, म्हणजे पाचपर्यंत पोचायचं, कारण त्याआधी अंघोळ.

माझ्या ओळखीतलं एक जोडपं क्योतोत शेवटचं एक देऊळ, मग अजून एक देऊळ करत करत डोंगरातल्या मिन्शुकुत रात्री आठला पोचलं, फोन नाही काही नाही. आजी जागी होती, सूप परत गरम केलं, मासा तसाच गार झालेला, आणि ती ते जेवेपर्यंत बाजूला बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. परत आल्यावर यांची तक्रार, "सर्व्हिस ठीकठाक होती." मला खरंच वाईट वाटलं ऐकून. कोकणातल्या काकूंकडे आपण न सांगता रात्री उशिरा पोचून सर्व्हिस म्हणतो का?

अंघोळीचंही तेच. ऱ्योकानच्या ओन्सेनमध्ये बऱ्याचदा पाणी वाहतं असतं. मिन्शुकुत मात्र बहुतेकदा घरचा एकच टब, त्यात भरलेलं तेच पाणी सगळ्या पाहुण्यांना आणि शेवटी घरच्यांनासुद्धा. म्हणून बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, मग नुसतं शेकायला टबात उतरायचं, आणि निघताना झाकण परत घालायचं. बूच काढायचं नाही!! आपल्याला सवय असते की आपलं पाणी आपण सोडून द्यावं, चांगल्या भावनेनेच सोडतो आपण, पण तेवढं पाणी परत भरून तापेपर्यंत बाकीच्यांचा नंबर लटकतो. किसो खोऱ्यातल्या त्सुमागो गावात मी राहिले होते तिथे टब हिनोकी लाकडाचा होता, ते खोरं त्या लाकडासाठी प्रसिद्ध आहे. झाकणाच्या लाकडी फळ्या एकेक करून उचलल्या की आधी वाफ येते आणि मग तो वास, थोडा लिंबासारखा, थोडा ताज्या रंधलेल्या लाकडाचा. माझ्यानंतर घरातला नातू जाणार होता, तो टॉवेल खांद्यावर टाकून जिन्यात वाट बघत बसलेला. कुठल्या ऱ्योकानात हे दिसणार?

आता शाकाहारी लोकांसाठी, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. मोठ्या ऱ्योकानला आधी कळवलं तर आचारी कधीकधी वेगळं काही करून देऊ शकतो. मिन्शुकुत सगळ्यांना एकच स्वयंपाक आणि त्याच्या मुळाशी दाशी, बहुतेकदा कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. मिसो सूपमध्ये ते, शिजवलेल्या भोपळ्यात ते, सोबा नूडल्स बुडवायच्या सॉसमध्येही ते. "नो मीट" सांगून काही होत नाही, मासा त्यात धरतीलच असं नाही. बुकिंग करतानाच सांगा, "निकु तो साकाना वा ताबेमासेन" म्हणजे मटण-मासे खात नाही, आणि पुढे "कात्सुओ-दाशी मो दामे देसु", माशाची दाशीसुद्धा नको. घरातल्या बाई म्हणाल्या जमणार नाही, तर वाईट वाटून घेऊ नका, खरं सांगितलं त्यांनी. मग 'सुदोमारी' घ्या म्हणजे जेवणाशिवाय मुक्काम, पण त्सुमागोसारख्या गावात संध्याकाळी पाचच्या सुमारास बहुतेक सगळं बंद होतं, तेव्हा खायचं सोबत नेलं नाहीत तर उपाशी झोपाल. अगदी कट्टर शाकाहारी असाल तर माझं स्पष्ट मत, मिन्शुकुचा हट्ट सोडा आणि कोयासान या देवळांच्या डोंगरावर देवळातल्या मुक्कामाला जा, शुकुबो म्हणतात त्याला. तिथे ५० च्या वर देवळांत राहायची सोय आहे, आणि शोजिन र्‍योरी म्हणजे बौद्ध देवळातल्या जेवणात मटण-मासा तर नाहीच, परंपरेने कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबु म्हणजे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबीची.

अजून एक घोळ नवीन सुरू झालाय, मिन्पाकु. नाव सारखं वाटतं म्हणून लोक तेही मिन्शुकु समजून बुक करतात. मिन्पाकु म्हणजे फ्लॅट किंवा घर भाड्याने, २०१८ च्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांपर्यंत परवानगी. किल्ली बऱ्याचदा दारावरच्या कोडच्या पेटीत, मालक दिसतही नाही. वाईट काही नाही त्यात, पण लोकल अनुभव म्हणून ते बुक करू नका.

मग घ्यायचं काय? पाय दुखतायत, वाढदिवस आहे, आईबाबा सोबत आहेत, तर डोळे झाकून ऱ्योकान, आणि तिथे पैशाकडे बघू नका. पण माणसं कशी राहतात ते बघायला जाताय असं खरंच म्हणत असाल तर मिन्शुकु, आणि मोठ्या शहरात नको, खेड्यात. शिराकावा-गो या खेड्यातली उतरत्या गवती छपरांची घरं आहेत, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत, त्यातल्या काहींत राहता येतं. मला स्वतःला त्सुमागोच जास्त आवडतं. क्योतो-टोकियोच्या जुन्या नाकासेन्दो रस्त्यावरच्या ६९ मुक्कामांपैकी ते ४२ वं, आणि गावाने १९७१ मध्येच मिळून ठरवलंय की घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत, म्हणून ते अजून गावच आहे.

नागोयाहून ट्रेनने नाकात्सुगावा, तिथून बसने मागोमे, आणि मागोमे ते त्सुमागो ८ किलोमीटर चालत. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या आहेत, दिसेल ती जोरात वाजवत जायचं. मागोमेहून दुपारी बाराला निघालात तर चहाला थांबूनही चारपर्यंत आरामात पोचता, अंघोळीला पहिला नंबर मिळतो.