पडणारं स्वप्न आणि पाहिलेलं स्वप्न

मराठीत झोपेतलं स्वप्न पडतं आणि आयुष्याचं स्वप्न आपण पाहतो. विसर पडावा, भूल पडावी, तसं पहिलं येऊन पडतं. त्यात आपली मर्जी कोणी विचारत नाही. दुसरं आपण रंगवतो, उराशी बाळगतो, कधी त्याचा चुराडाही सोसतो. शब्द एकच, क्रियापदं वेगळी. स्वप्नांच्या अर्थाचा इतिहास वाचताना मला सतत या दोन क्रियापदांमधली ये-जा दिसते. स्वप्न कोणाचं, पाठवणाऱ्याचं की पाहणाऱ्याचं, हा प्रश्न माणसानं निदान चार हजार वर्षं सोडलेला नाही.

सविस्तर लिहून ठेवलेल्या सर्वांत जुन्या स्वप्नांपैकी एक सुमेरमधल्या, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या, लगश नगराचा राजा गुदेआ याचं आहे, इ.स.पू. २१०० च्या आसपासचं. त्याला आभाळाएवढा एक पुरुष दिसला, पक्ष्याचे पंख असलेला, दोन्ही बाजूंना सिंह पहुडलेले. जवळच एक स्त्री ताऱ्यांची पाटी घेऊन विचारात बसली होती आणि आणखी एक जण निळ्या दगडाच्या पाटीवर देवळाचा आराखडा काढत होता. राजाला काही उलगडेना. तो नांशे देवीकडे गेला. तिनं सांगितलं, तो पुरुष म्हणजे माझा भाऊ निनगिर्सू, त्याला तुझ्या हातून मंदिर हवं आहे. मंदिर उभं राहिलं आणि ही हकिकत मातीच्या दोन मोठ्या नळकांड्यांवर कोरली गेली. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. झोपेत दिसलेलं आणि जागेपणी ध्यास म्हणून हाती घेतलेलं, अशी दोन्ही स्वप्नं त्या एकाच मातीत आहेत.

इजिप्तमध्येही तेच. इ.स.पू. १४०० च्या सुमारास राजपुत्र थुतमोस भर दुपारी स्फिंक्सच्या सावलीत झोपला. देवानं त्याला सांगितलं, माझ्या अंगावरची वाळू दूर कर, तुला राज्य देतो. थुतमोस चौथा म्हणून गादीवर आल्यावर त्यानं हे शिळेवर कोरून स्फिंक्सच्या पंजांमध्ये उभं केलं. राजगादीवरचा हक्क देवाच्या तोंडून वदवून घेण्याचा हा मार्ग होता, असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. देवाच्या निरोपातून इथे बोलते ती राजपुत्राची महत्त्वाकांक्षा.

स्वप्न बाहेरून येतं या समजुतीला भारतीय विचारात फार लवकर छेद गेला. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात दुःस्वप्नं दूर त्रित आप्त्य या वैदिक देवतेकडे घेऊन जा, अशी उषेला विनवणी आहे. तिथे वाईट स्वप्न ही अजून बाहेरून चिकटलेली पीडा आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला वेगळंच सांगतो: ‘न तत्र रथा न रथयोगा न पन्थानो भवन्ति’. तिथे रथ नसतात, जुंपलेले घोडे नसतात, रस्तेही नसतात. झोपलेला माणूसच ते सगळं निर्माण करतो, तळी आणि नद्यासुद्धा, ‘स हि कर्ता’. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, आणि तरी स्वप्नाचं कर्तेपण पाहणाऱ्याकडे आलं. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, दर वेळी थांबायला होतं.

चरकसंहितेत तर थेट वर्गीकरणच आहे. इंद्रियस्थान या भागात, म्हणजे रोग्याच्या मृत्यूची लक्षणं सांगताना, स्वप्नांचे सात प्रकार येतात: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांतून उठलेलं. यातल्या पहिल्या पाचांना फळ नाही, असा चरकाचा निर्वाळा आहे. वैद्यानं त्यांवरून भाकीत करू नये. ‘प्रार्थित’ हा शब्द मात्र मला सोडवत नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपल्या बोलण्यातलं शहाणपण इथे वैद्यकाच्या ग्रंथात बसलेलं आहे. आकांक्षेसाठी संस्कृतकडे वेगळा शब्द होताच, मनोरथ.

ग्रीकांमध्ये ॲरिस्टॉटलनं देवांना या व्यवहारातून जवळपास बाहेरच काढलं. झोपेत बारीकशी संवेदनाही मोठी होते, असं त्याचं म्हणणं: कानात हलकासा आवाज झाला तर वीज कडाडल्यासारखी वाटते, अंगाला जराशी ऊब लागली तर माणूस आगीतून चालतो. खरी ठरलेली बहुतेक स्वप्नं तो योगायोगात जमा करतो. तरीही स्वप्नांचे अर्थ विचारायला येणाऱ्यांची रांग कमी झाली नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरसनं त्यावर पाच खंड लिहिले. त्याचं मोठेपण असं की अर्थ सांगण्याआधी तो माणसाची चौकशी करायला सांगतो: धंदा काय, वय काय, तब्येत कशी. एकाच स्वप्नाचा अर्थ दोघांसाठी दोन असू शकतो. आजही ‘साप दिसला तर काय’ अशा तयार यादीत आपलं स्वप्न शोधणाऱ्यांनी एवढं तरी त्याच्याकडून घ्यावं.

शब्दांचाही एक इतिहास आहे. ‘स्वप्न’ हा ‘स्वप्’, म्हणजे झोपणे, या धातूतून आला. त्याच कुळातला ‘स्वेफ्न’ हा शब्द जुन्या इंग्रजीत होता आणि त्याचा अर्थही झोपेतलं स्वप्नच. ‘ड्रीम’सारखा दिसणारा जुना शब्द तेव्हा आनंद, गाणं-बजावणं या अर्थानं वापरला जाई. पुढे स्वेफ्न मागे पडला, त्याची जागा ड्रीमनं घेतली आणि ध्येय-आकांक्षेचा अर्थ तर फार उशिरा जोडला गेला. १९३१ मध्ये जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकारानं ‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्दप्रयोग रूढ केला, तोही महामंदीच्या दिवसांत. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग बोलले, तेव्हा स्वप्नाचा तो प्रसिद्ध भाग हातातल्या लिखित मसुद्यात नव्हता. तयार कागद बाजूला ठेवून ते बोलत गेले. एका माणसाचं स्वप्न लाखोंनी पाहायचं असतं, हा अर्थ त्या दुपारनंतर जगभर पोचला.

या दोन अर्थांमध्ये पूल बांधायचा सर्वांत धाडसी प्रयत्न फ्रॉइडचा. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक नोव्हेंबर १८९९ मध्ये निघालं, त्यावर साल मात्र १९०० छापलं होतं. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठेक वर्षं लागली. प्रत्येक स्वप्न ही दडपलेल्या इच्छेची वेषांतर केलेली पूर्ती, हा त्याचा सिद्धांत. १९०८ च्या एका निबंधात तो दिवास्वप्नांकडेही त्याच नजरेनं पाहतो. ‘प्रत्येक’ हा शब्द त्याला महागात पडला, असं मला वाटतं. परीक्षेला बसलोय आणि पेनातून शाई उतरत नाही, हे स्वप्न मला पदवीनंतर इतक्या वर्षांनी अजून पडतं. त्यात माझी कुठली इच्छा पुरी होते, ते मला सापडलेलं नाही.

मग स्वप्न यंत्रावर आलं. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की हा संशोधक विद्यार्थी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्रभर कागदावरच्या रेघा पाहत बसे. एका रात्री लेखण्या जोरजोरात हलू लागल्या. मुलगा जागा झाला असावा म्हणून तो आत गेला, तर पोर गाढ झोपेत. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं मात्र धावत होती. १९५३ मध्ये त्यानं नेथॅनियल क्लाइटमन यांच्यासह हे प्रसिद्ध केलं: अशा वेळी २७ वेळा माणसांना उठवलं, तर २० वेळा त्यांनी तपशीलवार स्वप्न सांगितलं. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली या मेंदूच्या अभ्यासकांनी फ्रॉइडच्या उलटं टोक गाठलं. मेंदूच्या देठातून उठणाऱ्या संदेशांना मेंदू जमेल तशी गोष्ट जोडतो, तेच स्वप्न, असं त्यांनी मांडलं. म्हणजे पुन्हा ‘पडणारं’ स्वप्न, फक्त आता वरून पडत नाही.

जागेपणीच्या स्वप्नांचीही तपासणी झाली. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी २००२ मध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यशाची गोड चित्रं वारंवार रंगवणाऱ्यांना दोन वर्षांनी नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते, पगारही कमी होता. आपल्याला हे जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचं बरं चाललं होतं. मनातले मांडे आणि मनोरथ यांतला फरक इथे आकड्यांत दिसला.

आणि २०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्यांशी थेट संवाद साधला. ज्यांना स्वप्नातच आपण स्वप्नात आहोत हे कळतं, अशांना झोपेत गणित विचारलं: आठातून सहा गेले, उरले किती? काहींना तो आवाज स्वप्नातल्याच रेडिओतून आल्यासारखा वाटला. आणि एका झोपलेल्यानं मिटलेले डोळे डावीकडून उजवीकडे, ठरल्याप्रमाणे, दोनदा फिरवले.