तळ्यांचे पाणी आणि ‘पाणथळ’ शब्दाचा घोळ

गोव्यातल्या करमळी, कुडतरीची जुनी तळी माणसांनी बांध घालून केलेली आहेत, वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी. पावसाळ्यात तळे भरायचे आणि नंतर मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्या बेताबेताने काढून खालच्या भाताला पाणी द्यायचे. पाणी उतरेल तसा काठाचा चिखल उघडा पडतो. त्यात पाणलावे चरतात, तर उथळ पाण्यात बदके. पक्ष्यांचा वाटा वेगळा असा कोणी राखला नव्हता, शेतीच्या वेळापत्रकातच तो बसत होता.

पुढे १९६४चा कूळ कायदा आला आणि १९७५च्या नियमांनी बांध व मानशी राखण्याचे काम कूळ संघांकडे गेले. खाजनांत, म्हणजे खाडीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या जमिनींत, मासळीच्या पावणीचा (लिलावाचा) पैसा भातापेक्षा मोठा ठरू लागला. नळाला धरणाचे पाणी आले, वायंगण पडीक राहू लागले आणि तळ्यावरची नजर हटली. तळे घाईने रिकामे केले तर बदके हंगाम संपण्याआधीच उठतात. फळ्या काढल्याच नाहीत तर पाणी खोल राहते, चिखल उघडा पडत नाही आणि जलपर्णी माजते. गाळ तर दोन्हीकडे साचतोच.

खरा घोळ मात्र व्याख्येचा. पाणथळ जागा जपण्याच्या २०१०च्या केंद्रीय नियमांत मानवनिर्मित तळी पाणथळीत धरली होती, भातशेती मात्र वगळली होती. २०१७च्या नियमांत अधिकार राज्यांकडे आले. पाणथळ ‘नैसर्गिक वा कृत्रिम’ चालेल असे तिथेही म्हटले आहे, पण पुढच्याच शब्दांत खास सिंचन, मीठ किंवा मत्स्यपालनासाठी केलेली बांधकामे वगळली. गोव्यात मग उरते काय? खाजनात तर भात, मीठ, मासळी तिन्ही. शिवाय वायंगण बंद पडून वर्षे लोटलेले तळे आज ‘खास सिंचनासाठी’ म्हणायचे का? काठावरच्या जमिनीवर डोळा असलेल्याला ‘हो’ सोयीचे. आमच्या मते बांधण्याचा हेतू पाहण्यापेक्षा आज तिथे पाणी किती काळ टिकते ते पाहावे.

कुडचड्याचे नंदा तळे, सुमारे ४२ हेक्टर, २०२२मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ (रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झाले. त्याचेही साठवलेले पाणी खालच्या भातशेतीला जाते. व्याख्या ताणली असती तर तेसुद्धा वादात सापडले असते. पण रामसर स्थळांना हे नियम थेट लागू होतात. बाकीच्या तळ्यांना स्वतंत्र अधिसूचना लागते, आणि तिथे पुन्हा तोच ‘खास’ शब्द आडवा येतो.