अंधुक तेजोमेघांचे हौशी छायाचित्रण

ताऱ्यांमधल्या पोकळीत पसरलेल्या विरळ वायूचा आणि धुळीचा क्षीण उजेड तासन्‌तास साठवून त्याचे चित्र घडवण्याची पद्धत. छोटी दुर्बीण, ताऱ्यांच्या गतीने फिरणारी बैठक, कॅमेरा आणि घरचा संगणक एवढ्या सामग्रीवर जगभरचे हौशी आकाशनिरीक्षक हे काम करतात.

तेजोमेघ लहान असतात म्हणून दिसत नाहीत, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात एकशृंगी तारकासमूहातला रोझेट तेजोमेघ आकाशात पूर्ण चंद्राच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. अडचण आकाराची नसून उजेड फार मोठ्या क्षेत्रावर विखुरल्याची आहे. त्यामुळे नुसते वर्धन वाढवून काही साधत नाही, उलट तोच उजेड आणखी पातळ होतो. शिवाय अंधारात डोळ्याला रंग जवळजवळ कळत नाहीत आणि त्याला उजेड साठवताही येत नाही. कॅमेऱ्याला तो साठवता येतो, आणि ही सारी कला त्याच फरकावर उभी आहे.

हेन्री ड्रेपर यांनी 30 सप्टेंबर 1880 रोजी मृग नक्षत्रातल्या मोठ्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा छायाचित्रणाची काचपट्टी 51 मिनिटे उघडी ठेवावी लागली होती. तीनच वर्षांनी इंग्लंडमधील हौशी निरीक्षक अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाच्या छायाचित्रात दुर्बिणीतून डोळ्याला न दिसलेले तारे पकडले. पुढे 1888 मध्ये हार्वर्ड वेधशाळेतल्या एका काचपट्टीवर विल्यमिना फ्लेमिंग यांना अश्वमुख तेजोमेघाची काळी खाच आढळली. मृगातल्या त्रिकांड बाणाच्या एका टोकाच्या ताऱ्याला लागूनच तो आहे. आजही नवशिक्याचे स्वप्न बहुधा हेच चित्र असते.

तेजोमेघांचे प्रकार ओळखल्याशिवाय तंत्र ठरवता येत नाही. उत्सर्जन तेजोमेघातला वायू जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे ठरावीक तरंगलांबींवरच प्रकाशतो: हायड्रोजन अल्फा 656.3 नॅनोमीटरला, दुहेरी आयनीभूत (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला) ऑक्सिजन मुख्यतः 500.7 ला, गंधक 672 च्या आसपास. यांतल्या एका तरंगलांबीभोवतीचा तीन ते सात नॅनोमीटरचाच पट्टा जाऊ देणारा फिल्टर लावला की शहराचा बहुतेक उजेड अडतो आणि पुण्या-मुंबईच्या गच्चीवरूनही रोझेटचे देखणे चित्र मिळू शकते. पण कृत्तिकांभोवतीच्या निळसर धुळीला हा उपाय लागू पडत नाही. ती ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते, म्हणजे तिचा उजेड सर्व रंगांत पसरलेला असतो. तिच्यासाठी अंधारे आकाशच गाठावे लागते. पूर्वी रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड फिल्टरने बराच काढता येई. पांढऱ्या एलईडी दिव्यांनी ती सोय संपवली. आकाशप्रेमींचे हे खरे नुकसान आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (अंधारे आकाश जपणारे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली.

साध्या डिजिटल कॅमेऱ्यात संवेदकापुढची (उजेड टिपणाऱ्या चकतीपुढची) काच हायड्रोजनचा तांबडा उजेड बराचसा अडवते. म्हणून अनेक जण ती काढून घेतात किंवा खगोलासाठी बनवलेला शीतकरणाचा कॅमेरा घेतात. आपल्याकडे शीतकरणाला विशेष महत्त्व आहे. संवेदकातला उष्णतेचा गोंगाट, म्हणजे चित्रात उमटणारे खोटे ठिपके, तापमान सहा-सात अंशांनी वाढताच साधारण दुप्पट होतो, आणि एप्रिल-मेच्या रात्री धनु राशीतले तेजोमेघ टिपताना हवाच पंचविशीच्या वर असते. पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात. ऑक्टोबरपासून दव भिंगावर बसते, म्हणून दुर्बिणीच्या तोंडाशी हीटरची पट्टी गुंडाळतात. बैठकीचा आस ध्रुवबिंदूकडे अचूक रोखावा लागतो. महाराष्ट्रातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 16 ते 22 अंश वर दिसतो, त्यामुळे समोरच्या इमारतीमागे किंवा डोंगरामागे तो दडला की बैठक जुळवण्यातच बराच वेळ जातो.

एका रात्रीत तीन किंवा पाच मिनिटांची डझनावारी चित्रे घेतात. सगळी एकत्र केली की उजेड चित्रसंख्येच्या प्रमाणात वाढतो, पण यादृच्छिक गोंगाट तिच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात. म्हणून चित्र दुप्पट स्वच्छ हवे तर वेळ चौपट लागतो: पाच तासांचे वीस तास. दोन-तीन रात्रींत काम उरकण्याऐवजी पुढच्या अमावास्येची वाट पाहणारे या हिशेबामुळेच तसे वागतात. जोडीला उष्णतेचा गोंगाट वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेली ‘डार्क’ चित्रे आणि पहाटेच्या आकाशाकडे दुर्बीण रोखून, तोंडावर पांढरे कापड ताणून घेतलेली ‘फ्लॅट’ चित्रे हवीत. फ्लॅटचा कंटाळा करणाऱ्याला संवेदकावरच्या धुळीचे गोल डाग अखेरपर्यंत छळतात.

सिरिल, डीपस्कायस्टॅकर किंवा पिक्सइनसाइट यांपैकी एका संगणक प्रणालीत ही चित्रे ताऱ्यांवर जुळवून एकावर एक रचली, तरी पहिल्यांदा पडद्यावर जवळपास काळाच चौकोन येतो. अंधुक तेजोमेघ पार्श्वभूमीपेक्षा अगदी थोडाच उजळ असतो, आणि तोही आकाशाच्या उजेडाच्या उताराखाली, म्हणजे चित्राच्या एका कडेकडून दुसरीकडे कमी होत जाणाऱ्या उजेडाखाली, बुडालेला. आधी हा उतार वजा करायचा, रंग ताऱ्यांवरून बसवायचा, मग ‘स्ट्रेच’ करून अंधारातले टप्पे हळूहळू उघडायचे. उतार काढताना हात जड पडला तर धुळीचा खरा पदरही त्याच्याबरोबर पुसला जातो. या कामातली सर्वांत नाजूक जागा हीच. तारे वेगळे काढून तेजोमेघावर स्वतंत्र काम करण्याची रीतही आता रुळली आहे.

रंगांबाबत वाद होतात. हबल दुर्बिणीच्या 1995 मधील ‘निर्मितीचे स्तंभ’ या चित्रामुळे गंधक तांबडे, हायड्रोजन हिरवे, ऑक्सिजन निळे ही रंगयोजना लोकप्रिय झाली. ती नैसर्गिक नाही, पण वायूंची जागा प्रामाणिकपणे दाखवते. याउलट गोंगाट काढणाऱ्या नव्या यंत्रशिक्षित साधनांचा अतिरेक केला तर आकाशात नसलेले तंतूही चित्रात उमटू शकतात, आणि हे अधिक गंभीर आहे, कारण हौशी चित्रांतून खरे शोध लागतात. जानेवारी 2004 मध्ये केंटकीतल्या जे मॅकनील यांनी तीन इंची दुर्बिणीने मृगातला एक नवा परावर्तन तेजोमेघ पकडला. एका नवजात ताऱ्याच्या भडक्याने तो उजळला होता. 2023 मध्ये तर मार्सेल ड्रेक्स्लर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी यांनी देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनचा सुमारे दीड अंश लांबीचा चाप जाहीर केला. शतकभर छायाचित्रे घेतल्या गेलेल्या त्या भागात तो कोणालाच दिसला नव्हता. तो खरा आहे हे इतर निरीक्षकांनी वेगळ्या दुर्बिणींतून आणि वेगळ्या कॅमेऱ्यांतून तोच आकार मिळवल्यावर मान्य झाले. चाप दीर्घिकेजवळचा की आपल्याच आकाशगंगेतला, ही चर्चा त्यानंतर सुरू झाली.