जयप्रभा की शालिनी? कोल्हापूरच्या दोन स्टुडिओंचा घोळ

'कोल्हापूरच्या राजघराण्याने काढलेला स्टुडिओ' म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं, जयप्रभा. मग दिग्दर्शक बाबूराव पेंटरांचा बोलपट 'सावकारी पाश'ही जयप्रभाच्या खाती जमा होतो. तो तिथला नव्हे, शालिनीचा.

घोळ होतो कारण दोन्ही स्टुडिओंची सुरुवात सारखी आहे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. कलावंत, सुतार, रंगारी, छायाचित्रकार अशी तयार माणसं या गावात होती, त्यांच्यासाठी राजघराणं पुढे आलं. छत्रपती राजाराम महाराजांनी कोल्हापूर सिनेटोन ही चित्रपट कंपनी (पुढची जयप्रभा) काढली, तर त्यांच्या भगिनी अक्कासाहेब महाराजांनी शालिनी सिनेटोन. एक स्टुडिओ भावाचा, दुसरा बहिणीचा, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

शालिनीची ओळख बाबूराव पेंटर. 'उषा' (१९३५), 'सावकारी पाश' (१९३६) आणि 'प्रतिभा' (१९३७) हे त्यांचे बोलपट याच संस्थेचे. 'सावकारी पाश' त्यांनी १९२५ साली मूकपट म्हणून केला होता, महाराष्ट्र फिल्म कंपनीत असताना. अकरा वर्षांनी तीच कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट त्यांनी आवाजासह पुन्हा सांगितली. एवढं काम जिथे झालं ती शालिनीची वास्तू आज उभी नाही. माझ्या मते कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे.

जयप्रभा मंगळवार पेठेत. मूळची कोल्हापूर सिनेटोन पुढे दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे आली आणि तिचं 'जयप्रभा' झालं. म्हणजे 'आकाशवाणी' (१९३४) हा चित्रपट किंवा मास्टर विनायकांचा 'विलासी ईश्वर' (१९३५) यांच्यापुढे कुणी 'जयप्रभा स्टुडिओ' लिहिलं, तर जागा बरोबर पण नाव नंतरचं. जानेवारी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत हा स्टुडिओ जळाला, त्यात भालजींचा 'मीठभाकर' हा चित्रपटही गेला. भालजींनी तो पुन्हा चित्रित केला. स्टुडिओची मालकी पुढे लता मंगेशकरांकडे गेली, तरी भालजी काम करतच राहिले. १९६३ च्या 'मोहित्यांची मंजुळा'पासून त्यांच्या चित्रपटांना संगीत देणारे 'आनंदघन' म्हणजे लताबाईच. २०२२ मध्ये जागेच्या विक्रीची बातमी फुटली तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. शालिनी गेल्याची सल त्या आंदोलनातही होती, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून 'बाबूराव' आणि तीसचं दशक दिसलं की शालिनी, 'भालजी' आणि शिवकालीन किंवा गावरान चित्रपट दिसला की जयप्रभा, अशी ढोबळ खूण धरायला हरकत नाही. पण १९३३ ते ३५ मधले भालजी आले की थांबा, तिथे नाव कोल्हापूर सिनेटोन.

आणखी एक नाव मध्ये येतं, शालिनी पॅलेस. रंकाळ्याकाठचा हा राजवाडा १९३१ ते १९३४ या काळात बांधला, १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं. 'शालिनी' हे नाव त्याला राजकन्या शालिनीराजेंवरून मिळालं. आज रिक्षावाल्याला नुसतं 'शालिनी' म्हणालात तर तो तुम्हाला रंकाळ्याच्या काठी, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर उतरवेल. पेंटरांचा स्टुडिओ तो नव्हे.