द प्राइम ऑफ मिस जीन ब्रोडी (नाटक)

एडिंबरो येथील मुलींच्या शाळेतील एका ध्येयवादी शिक्षिकेवरील नाटक. स्कॉटिश लेखिका म्यूरिएल स्पार्क (१९१८–२००६) यांच्या १९६१ मधील याच नावाच्या कादंबरीवरून अमेरिकन लेखिका जे प्रेसन ॲलन (१९२२–२००६) यांनी ते लिहिले. मे १९६६ मध्ये ते लंडनच्या विंडम्स थिएटरमध्ये आले. नाट्यरूपांतर अमेरिकन आणि ही रंगभूमी इंग्लिश असली, तरी स्थळ, बोली, पात्रे व त्यांच्या मनावरील कॅल्व्हिनपंथी (कठोर प्रॉटेस्टंट) संस्कार हे सारे स्कॉटिश असल्यामुळे स्कॉटिश नाटकांबरोबर त्याचा विचार करणे योग्य ठरते. शीर्षकातील ‘प्राइम’ या शब्दाला मराठीत ‘ऐन उमेदीचा काळ’ हाच जवळचा प्रतिशब्द होय. चाळिशीच्या उंबरठ्यावरील मिस ब्रोडी आपला हा काळ आता कोठे सुरू झाला असून त्याचा लाभ तुम्हाला होणार आहे, असे विद्यार्थिनींना वारंवार बजावते.

कथा १९३० च्या दशकात घडते. मार्सिया ब्लेन या काल्पनिक शाळेत मिस ब्रोडी नेमलेला अभ्यासक्रम बाजूला ठेवून निवडक मुलींना चित्रकला, इटलीतील प्रवास आणि आपले स्वतःचे प्रेमजीवन यांविषयी सांगते. शिक्षण म्हणजे विद्यार्थ्याच्या ठायी असलेले बाहेर काढणे, बाहेरचे आत कोंबणे नव्हे, अशी तिची व्याख्या असून त्यासाठी ती मूळ लॅटिन धातूचा आधार देते. कादंबरीतील एका प्रसंगी मात्र सर्वश्रेष्ठ इटालियन चित्रकार कोण, या प्रश्नाला एक मुलगी लिओनार्दो दा व्हिंची असे उत्तर देते, तेव्हा ते चूक ठरवून ब्रोडी जॉत्तोचे नाव सांगते, कारण तो तिचा आवडता आहे. व्याख्या आणि वर्तन यांतील हे अंतर व्यक्तिरेखेच्या गाभ्याशी आहे. तिचा ध्येयवाद खोटा नाही. मुलींच्या मनाची कवाडे ती खरोखर उघडते, पण आत काय न्यायचे हे तीच ठरवते. मुसोलिनीविषयीचे तिचे कौतुक याच वृत्तीतून येते.

व्यक्तिरेखेच्या उगमाविषयी बरीच चर्चा झाली आहे. स्पार्क एडिंबरोच्या जेम्स गिलेस्पीज या मुलींच्या शाळेत शिकल्या आणि तेथील शिक्षिका क्रिस्टिना के (१८७८–१९५१) याच ब्रोडीचे मूळ मानल्या जातात. के यांच्या वर्गात भिंतीवर प्रबोधनकाळातील चित्रांबरोबर मुसोलिनीच्या संचलन करणाऱ्या अनुयायांचे चित्र लावलेले असे, तसेच त्यांनी स्पार्क यांना रशियन बॅले नर्तिका ॲना पाव्हलोवाचे नृत्य पाहायला नेले होते; हे तपशील खुद्द स्पार्क यांनी १९९२ मधील आत्मचरित्रात दिले आहेत. तरीही के म्हणजेच ब्रोडी हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. ब्रोडीची गाठ पडली असती तर के यांनी तिला तिची पायरी दाखवून दिली असती, असे त्या म्हणतात. तेव्हा बोलण्याची ढब, कलाप्रेम आणि अध्यापनाची धाटणी के यांच्याकडून, तर प्रेमप्रकरणे व कारस्थाने लेखिकेच्या कल्पनेतून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. याशिवाय पहिल्या महायुद्धात वाग्दत्त वर गमावलेल्या व पुढे अविवाहित राहिलेल्या अनेक स्त्रिया तेव्हाच्या एडिंबरोत होत्या, याकडे कादंबरीच लक्ष वेधते. युद्धविरामाच्या आदल्या आठवड्यात फ्लँडर्समध्ये पडलेल्या आपल्या वाग्दत्त वराची, ह्यूची कथा ब्रोडी शाळेच्या आवारातील एल्म वृक्षाखाली सांगते. कोणी आलेच तर दिसावीत म्हणून मुलींनी पुस्तके हातात उघडी धरलेली असतात, आणि ऐकता ऐकता त्या रडू लागतात. नायिकेचे आडनाव, आणि ती ज्याला आपला पूर्वज म्हणवते तो १७८८ मध्ये फाशी गेलेला विल्यम ब्रोडी, दिवसा प्रतिष्ठित नागरिक व रात्री घरफोड्या, हा दुवाही दुहेरी स्वभावाचा सूचक आहे.

रूपांतराची मुख्य अडचण काळाची होती. कादंबरीत निवेदन वर्षानुवर्षे पुढे उडी घेते आणि पात्रांचे भवितव्य आधीच सांगून टाकते. ॲलन यांनी त्याऐवजी चौकटीची योजना केली: ब्रोडीची विद्यार्थिनी व पुढे नन झालेल्या सँडीची एक अमेरिकन पत्रकार मुलाखत घेतो आणि तिच्या आठवणींतून शाळेचे प्रसंग उलगडतात. कादंबरीतील सहा मुलींचा संचही आटोपशीर करण्यात आला. रोझचे कार्य जेनीकडे आले, तर ब्रोडीच्या प्रोत्साहनाने यादवी युद्ध चाललेल्या स्पेनला निघून तेथे मरण पावणाऱ्या जॉइस एमिलीचा शेवट मेरी मॅकग्रेगरच्या वाट्याला आला. या बदलाने नाट्य घट्ट झाले, कारण ज्या मुलीला सतत बोलणी बसतात तीच शिक्षिकेच्या शब्दाला बळी पडते. मात्र माणसाचे भवितव्य पूर्वनियत असल्याच्या कॅल्व्हिनच्या सिद्धांताशी चाललेला कादंबरीचा सूक्ष्म झगडा रंगमंचावर फिका पडला. सँडीने ब्रोडीचा केलेला विश्वासघात आणि त्यानंतर शाळा सोडावी लागलेली ब्रोडी, हा आघात दोन्हीकडे तितकाच तीव्र आहे.

लंडनमध्ये व्हनेसा रेडग्रेव्ह यांनी ब्रोडीची भूमिका केली. ब्रॉडवेवर १९६८ मध्ये झोई कॉल्डवेल यांना याच भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळाला. १९६९ च्या चित्रपटाची पटकथाही ॲलन यांचीच. त्यात मुलाखतीची चौकट वगळली असून मॅगी स्मिथ यांना ऑस्कर मिळाले. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये १९९८ मध्ये फिओना शॉ यांनी ब्रोडी साकारली. स्कॉटिश नाटककार डेव्हिड हॅरोअर यांनी कादंबरीवरून केलेले स्वतंत्र रूपांतर २०१८ मध्ये लंडनच्या डॉनमार वेअरहाऊसमध्ये झाले. त्यात लिया विल्यम्स प्रमुख भूमिकेत होत्या.